बटाट्याचं कुगल काळं पडतंय आणि तळाला पाणी सुटतंय. कुणी करतं का?

गॅलरीतला ओटीजी (नाशिक) · शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी गंगापूर रोडला राहते, घरून डबे देते. सध्या चौदा आहेत. म्हणजे बटाटा माझ्या रोजच्या हाताखालचा. तरी आज बटाट्यानंच माझी शोभा केली, म्हणून इथे लिहितेय.

माझी लेक इस्रायलला बीरशेबाच्या विद्यापीठात पीएचडी करते. पंधरा दिवसांनी सुट्टीवर येतेय आणि तिच्याबरोबर तिची खोलीतली मैत्रीण. ही मुलगी ज्यू, आजीचं घराणं मूळचं पोलंडचं. लेक फोनवर म्हणाली, "आई, शुक्रवारी रात्री तू हिला कुगल करून घातलंस ना, तर खोलीवरची भांडी मला वर्षभर घासावी लागणार नाहीत." आता लेकीच्या भांड्यांचा प्रश्न म्हटल्यावर काय करणार!

कुगल म्हणजे किसलेला बटाटा, कांदा, अंडी, तेल, मीठ, मिरपूड, आणि हे सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. चीज नाही, लोणी नाही, मसाला नाही. वरून कडक तपकिरी, आतून मऊ, आणि वडीसारखे चौकोन पाडायचे. लेकीनं फोटो पाठवलाय, तो बघून वाटलं यात काय आहे, आपण उपासाला कीस करतोच की.

आज तालीम केली. सव्वा किलो बटाटे, दोन मोठे लाल कांदे, तीन अंडी, अर्धी वाटी शेंगदाण्याचं तेल, दोन चमचे मैदा. आधी सगळे बटाटे किसून ठेवले आणि लगेच मीठ घातलं. तेवढ्यात डबे पोचवणारा मुलगा महिन्याच्या हिशेबाला आला. त्याचे दोन खाडे होते, ते तो एकच म्हणत होता. वीस-पंचवीस मिनिटं गेली. परत येऊन बघते तर कीस आधी गुलाबी होता तो विटकरी, आणि खालून करडा. म्हटलं भाजल्यावर काय कळणार आहे. ओटीजीत (छोटा विजेचा ओव्हन) १८० वर ४० मिनिटं ठेवलं.

वरून रंग छान आला. कापलं तर वरचा बोटभर थर शिजलेला, मध्ये कचकच, तळाला पाणी. रंग ओल्या सिमेंटचा. नवऱ्यानं विचारलं, "स्लॅब कधी भरला?" (लेक पीएचडी करतेय ती पाण्यावरच. तिला हे सांगितलेलं नाही.)

अजून एक भानगड आहे. सासूबाई माळकरी. अंडं घरात चालतं, स्वयंपाकघरात नाही. म्हणून ओटीजी मागच्या गॅलरीत असतो. अंड्याची कढई, वाडगं आणि कालथा वेगळा. कालथ्याला लाल दोरा बांधलाय, चुकून आत येऊ नये म्हणून. त्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, "तुमच्या त्या गुगलात अंडं नाही घातलं तर?" आता त्यांनी इतकं विचारलंय तर त्यांच्यासाठीही काहीतरी करावं लागेल.

तर, काळं का पडतं, पाणी कुठून येतं, आणि पाककृतीत जो मात्झोचा (ज्यूंची न फुगवलेली कडक रोटी) चुरा लिहिलाय त्याऐवजी काय घालू? बेसन घातलं तर चालेल का?

---

चिवड्यातला शेंगदाणा (सिडको) · रात्री १०.०५

ताई, गुगल बघून केलंत म्हणूनच कुगल बिघडलं.

बेसन घालू नका. बेसन, हळद, वरून मोहरी-तिळाची फोडणी, एवढं झालं की तो हांडवो होतो आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या गुजराती काकू येऊन मापं काढतात. अनुभवाचे बोल आहेत.

---

शनिवारची सुट्टी (ठाणे) · रात्री ११.२०

ताई, आधी एक गंमत सांगते. मी ज्यूच आहे, बेने इस्राएल, कोकणातली. अलिबागकडे आमच्या लोकांचे तेलाचे घाणे असायचे आणि ते शनिवारी बंद, म्हणून आम्हाला "शनवार तेली" म्हणायचे. घरात मराठीच बोलतो. आणि लग्न होईपर्यंत मी कुगल हा शब्दही ऐकला नव्हता! आमच्याकडे मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं. सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा. कुगल हे पूर्व युरोपातल्या, अश्केनाझी ज्यूंचं. लोक समजतात ज्यू म्हणजे सगळे एकच खातात. तसं तर नाशिकची मिसळ आणि कोल्हापूरची मिसळही एकच म्हणावी लागेल.

मी शिकले ती बहिणीकडे, इस्रायलमध्ये अश्दोदला. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई शुक्रवारी दुपारी जिन्यात वास सोडायच्या. एकदा दार वाजवून आतच गेले.

जर्मनमध्ये कुगेल म्हणजे गोळा. पूर्वी ते शनिवारच्या रश्श्याच्या भांड्यातच कणकेचा नाहीतर पावाचा गोळा सोडून शिजवायचे. बटाटा त्या भागात बराच नंतर आला आणि गरिबाच्या घरी दुसरं होतंच काय, म्हणून बटाट्याचं सुरू झालं. म्हणूनच त्यात जिन्नस इतके कमी. तुम्ही त्यात कोथिंबीर घालायचा मोह आवरा.

लोणी का नाही, तर शुक्रवारच्या जेवणात बहुधा मटण-कोंबडी असते आणि मांस नि दूध एका जेवणात चालत नाही. म्हणून तेल, किंवा त्यांच्याकडे कोंबडीची वितळवलेली चरबी. आमच्या कोकणी स्वयंपाकात नारळाचं दूध किती सोयीचं पडतं ते यावरून ओळखा. तुमच्या घरी मांसच शिजत नाही तेव्हा हा प्रश्न निम्मा मिटला. फक्त अंडी एकेक करून वाटीत फोडा. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं टाकून द्यायचं, तशी आमच्यात रीत आहे.

आता भाजण्याचं. तुमचं चुकलं ते इथे. भांडं थंड होतं ना? ओटीजी २२० वर चांगला पंधरा मिनिटं तापवायचा आणि त्यातच भांड्यात पाव वाटी तेल घालून ठेवायचं. तेल इतकं तापलं पाहिजे की मिश्रण ओतल्यावर चर्र झालं पाहिजे. तो आवाज आला नाही तर ओतणं थांबवा आणि परत तापवा. वरून दोन चमचे गरम तेल सोडा. २२० वर वीस मिनिटं, मग १९० वर पन्नास मिनिटं. झाकायचं नाही. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावायची नाही.

आणि वेळ बघा. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. त्याच्या आत आच लावणं, शिजवणं सगळं संपलं पाहिजे. पाहुणी किती पाळते ते लेकीला विचारा, पण डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे चारला ओटीजीत गेलं पाहिजे. नंतर गरम राहील असं काहीतरी करा. तिकडे विजेची शेगडी आधीच लावून ठेवतात आणि भांडं तिच्यावर बसवतात.

तुमचा लाल दोऱ्याचा कालथा वाचून मी एकटीच हसत बसले. माझ्या आईकडे दुधाची भांडी खिडकीच्या फळीवर आणि मटणाची ओट्याखाली. चमचा इकडचा तिकडे गेला की दिवसभर बोलणी. सासूबाईंना सांगा, ठाण्यातही एक माळकरीण होती म्हणून.

---

आडत्याचा धाकटा (पंचवटी) · शनिवार, सकाळी ७.१५

ताई, तुमची पाककृती ठीक आहे. माल चुकलाय.

या दिवसात बाजारात दोन तऱ्हेचे बटाटे असतात. एक नवा, ज्याचं साल अंगठ्यानं चोळलं तरी निघतं. तो पाण्यानं भरलेला, भाजीला गोड लागतो, या कामाला निरुपयोगी. दुसरा शीतगृहातला जुना. त्यात थंडीनं पिठाची साखर झालेली असते, म्हणून वरून रंग लवकर धरतो आणि आत कच्चा राहतो. तुमचंही तेच झालं असेल, वरचा रंग बघून तुम्ही फसलात. जुनाच घ्या, पण आणून आठ-दहा दिवस घरात, अंधारात, गोणपाटावर पसरून ठेवा. फ्रिजमध्ये नाही. साखर बरीच कमी होते.

जात विचारायची तर पुखराज घेऊ नका, तो पाणचट. ज्योती चालेल. चिप्सवाल्यांसाठी येतो तो चिप्सोना मिळाला तर सोनंच. दुकानदाराला "वेफरचा बटाटा" म्हणून मागा. आणि खात्री करायची असेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा, त्यात बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर भाजीचा.

आता कांदा. नाशिकमध्ये राहून तुम्ही कुगलात लाल कांदा घालता, हे लासलगावला कळवू का? लाल कांदा नवा असतो, किसला की पाणीच पाणी. चाळीतला उन्हाळ कांदा शोधा. डिसेंबरात संपत आलेला असतो, भाव चढा असतो, पण तुम्हाला लागतो एक. वरची पापुद्र्याची सालं वाजली पाहिजेत. आणि कोंब आलेला नको.

---

गॅलरीतला ओटीजी · शनिवार, दुपारी ३.३०

अहो, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी शाळाच घेतली! मीठ-पाण्याची परीक्षा लगेच केली. घरातले सहापैकी पाच तरंगले. डब्याच्या भाजीसाठी मीच नवा बटाटा घेतला होता, कारण लवकर शिजतो.

शनिवारची सुट्टी, तुमचा निरोप सासूबाईंना दिला. त्यांना वेगळ्या भांड्यांचं इतकं पटलं की त्यांनी मलाच झापलं, "बघ, तिकडे पोलंडातसुद्धा पाळतात, आणि तू परवा तो कालथा मोरीत धुतलास." मी पोलंड वगैरे समजावायला गेले नाही.

रंगाचं मात्र कळलं नाही. उपासाच्या किसाला मी बटाटा पाण्यात टाकते. इथे पाण्यात टाकला तर पाणी वाढणार, नाही टाकला तर काळा पडणार. मग करायचं काय?

---

उरलेला खडू (नाशिकरोड) · शनिवार, सायंकाळी ६.५०

बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो, आता नातवाला बाराखडी शिकवतो. रंगाचं मी सांगतो.

बटाटा चिरला की पेशी फुटतात. आतलं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं फेनॉल गटातल्या द्रव्यांवर काम करतं आणि तपकिरी रंग तयार होतो. तुमचा गुलाबी-विटकरी तो हाच. शिजल्यावर आलेला करडा हा वेगळा इसम. बटाट्यातल्या क्लोरोजेनिक आम्लाची लोहाशी जोडी जमते, आणि गार होताना हवा लागली की निळसर काळा रंग दिसतो. उकडलेला बटाटा देठाकडे कधी कधी काळसर दिसतो, तो हाच प्रकार. तुमची किसणी लोखंडी असेल तर तीही त्यात भर घालते. स्टीलची घ्या. लोखंडी कढईत भाजू नका. किसात अर्ध्या लिंबाचा रस टाकलात तर दोन्ही रंगांना आळा बसतो, चव कळत नाही.

पण खरी युक्ती म्हाताऱ्या बायकांची आहे. दोन बटाटे किसा, मग पाव कांदा त्यावरच किसा, पुन्हा दोन बटाटे. कांद्यातली गंधकाची द्रव्यं त्या विकराला रोखतात. कांदा शेवटी घातलात तर तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

पाण्यात टाकायची गरज नाही. पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी... नाही, चुकलो, बटाट्यात साधारण ऐंशी टक्के. ते आहेच आत. पंच्यात पिळून घ्या. पिळलेलं पाणी फेकू नका. दहा मिनिटं पातेल्यात स्थिर ठेवा, मग वरचं पाणी हलकेच ओता. तळाला पांढरा घट्ट थर बसलेला असेल, तो खरवडून परत किसात. कुरडयांच्या चिकासारखा तोच. तुमच्या मैद्याचं काम तो करतो. मात्झोचा चुरा पण त्याच कामासाठी. त्यांच्या वल्हांडण सणात मैदा चालत नाही, तेव्हा मात्झोचा चुरा नाहीतर हेच बटाट्याचं सत्त्व वापरतात.

मीठ सगळ्यात शेवटी, ओतायच्या अगदी आधी. मिठानं पाणी सुटतं हे काकडीच्या कोशिंबिरीला माहीत असतं, आपण विसरतो.

---

चिवड्यातला शेंगदाणा · शनिवार, सायंकाळी ७.००

सर, आम्हाला असं शिकवलं असतं तर मी बारावीत एकदाच बसलो असतो.

---

गॅलरीतला ओटीजी · गुरुवार, रात्री ८.१५

दुसरी तालीम झाली. तपशीलवार लिहिते, कारण उद्या कुणी शोधत आलं तर त्याला माझ्यासारखं सिमेंट खावं लागू नये.

वेफरचा बटाटा रविवार कारंज्याजवळ एका दुकानात मिळाला. आठ दिवस ठेवायला वेळ नव्हता, पाच दिवस कॉटखाली पसरला. उन्हाळ कांदा एक, दोनशे ग्रॅमचा. तो किसताना मी, नवरा आणि गॅलरीतलं मांजर तिघांचेही डोळे वाहत होते. भांडं वीस सेंटिमीटरचं चौकोनी, अ‍ॅल्युमिनियमचं, भांडी बाजारातून. दुकानदारानं केकचं गोल घ्या म्हणून आग्रह केला. चौकोनीच हवं होतं, का ते खाली सांगते.

सव्वा किलो बटाटे सालं काढून, दोन बटाटे-पाव कांदा या हिशेबानं स्टीलच्या किसणीवर, बारीक भोकांच्या नाही, मधल्या. नवऱ्याच्या जुन्या पंच्यात बांधून पिळलं. (धुतलेला होता. विचारू नका.) दीड वाटीच्या वर पाणी निघालं! हे सगळं मागच्या वेळी मी भाजायला ठेवलं होतं. खाली सत्त्व बसलं दोन मोठे चमचे, चुन्यासारखं पांढरं. ते परत घातलं, मैदा एकच चमचा. तीन अंडी, अर्ध्या लिंबाचा रस, अर्धा चमचा मिरपूड, पाव वाटी तेल आत. मीठ दीड चमचा, शेवटी.

भांड्यातलं तेल तापवून ओतलं तर चर्र नाही, चक्क फर्र झालं. मी दचकले, पण शनिवारच्या सुट्टीताईंची आठवण झाली आणि बरं वाटलं. वेळा त्यांनी दिल्या तशाच. फक्त माझा ओटीजी मागून जास्त तापतो, म्हणून अर्ध्यात भांडं फिरवलं.

रंग आत फिकट पिवळसर, म्हणजे हवा तसा. तळ कडक. कडा तर अशा की वडीच्या ऐवजी कुरडई खातोय. मधला भाग मऊ, सुरीला चिकटत नव्हता. मीठ मला जरा कमी वाटलं, पुढच्या वेळी पावणेदोन. आणि चौकोनी भांड्याला चार कोपरे असतात, कोपऱ्याला दोन बाजूंनी कडकपणा येतो. आमच्या घरात माणसं पाच, कोपरे चार. गोल भांडं घेतलं असतं तर एकही नव्हता.

सासूबाईंचं वेगळं केलं, आत, गॅसवर, त्यांच्या स्वतःच्या बिडाच्या तव्यात. हाच पिळलेला कीस, सत्त्व, एक उकडलेला बटाटा कुस्करून, मीठ, मिरपूड. अंडं नाही. तेलाऐवजी साजूक तूप, आपल्याकडे मांसाचा प्रश्नच नाही. झाकण ठेवून मंद आचेवर बारा मिनिटं, उलटून दहा. काळपट थोडं झालं, बीड म्हणजे लोखंडच आणि सरांनी लोखंडात भाजू नका म्हणून सांगितलं होतं, पण तवा बदलायला त्या तयार नाहीत. खाल्लं आणि म्हणाल्या, "हे तर थालीपीठ आहे." मग दुसरं मागितलं.

---

शनिवारची सुट्टी · गुरुवार, रात्री ९.००

त्या थालीपिठाच्या छोट्या चपट्या टिक्क्या करून तळल्यात (अंड्याच्यासुद्धा) तर त्याला लाटके म्हणतात, हनुक्का सणाला करतात. तोच कीस. म्हणजे तुम्ही एका किसात दोन सण उरकलेत.

उरलेलं असेल तर सकाळी तुकडा कोरड्या तव्यावर शेका. मला तर ताज्यापेक्षा तेच आवडतं.

---

गॅलरीतला ओटीजी · पुढच्या आठवड्यातला रविवार, दुपारी २.१०

उशिरा लिहितेय. पाहुण्या, डबे, आणि शनिवारी लेकीला त्र्यंबकला जायचं होतं.

शुक्रवारी पावणेचारला ओटीजी लावला. चार वाजता वीज गेली! चार दहाला आली. तेवढ्यात मी गॅसवर कढईत तेल तापवायला घेतलं होतं, ते तसंच भांड्यात ओतलं, मग मिश्रण. सव्वापाचला बाहेर. टॉवेलात गुंडाळून, डब्यांची थर्माकोलची पेटी असते माझी, तिच्यात ठेवलं. साडेसातला उघडलं तर वाफ होती, वरचा कडकपणा जरासा बसला होता. पेटीचं झाकण थोडं उघडं ठेवायला हवं होतं.

पोरीनं तिच्या सामानातून दोन मेणबत्त्या काढल्या, गॅलरीत लावू का विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "गॅलरीत कशाला, देवघरापाशी लाव की." मग जेवणाच्या टेबलावर लावल्या, देवघराकडे तोंड करून. त्या दोघींमध्ये भाषा एकही सामाईक नाही.

कुगलाबद्दल तिनं सांगितलेलं तेवढं लिहिते. तिच्या आजीचं यापेक्षा पातळ असायचं, दोन बोटं उंचीचं, आणि मिरपूड याच्या दुप्पट. आजी कांदा जास्त घालायची, एक किलोला दोन मोठे. मी विचारलं, मग हे चुकलं का? तर म्हणाली, नाही, हे तिच्या मावशीसारखं झालंय. मावशीबद्दल तिचं मत काय आहे ते मी लेकीला अजून विचारलेलं नाही.

चारही कोपरे तिनं खाल्ले. मी आज भांडी बाजारात जाऊन पसरट भांडं आणलं, उंचीला कमी. आडत्याचा धाकटा, चाळीतला कांदा अजून कुठे मिळेल? तीन लागतील.

---

आडत्याचा धाकटा · रविवार, दुपारी २.४०

उद्या सकाळी दहाच्या आत या. माझ्याच घरचे आहेत, भाव लावणार नाही. बदल्यात एक कोपरा ठेवा.